शासकीय कर्मचाऱ्यांसाठी हेलसिंकीचे दोन मोफत अभ्यासक्रम : गणित सरस, नीती अपुरी

शासकीय कार्यालयात नवे तंत्रज्ञान बहुधा निविदेच्या किंवा शासन निर्णयाच्या रूपाने दाखल होते, आणि कर्मचाऱ्याच्या टेबलापर्यंत ते पोहोचते तेव्हा ते घ्यावे की नाही हा प्रश्न निकालात निघालेला असतो. प्रशिक्षणही मग लॉगिन कसे करावे, नोंद कोठे भरावी आणि महिन्याचा अहवाल कसा काढावा एवढ्यापुरते उरते. ज्या कक्ष अधिकाऱ्याला उद्या अपात्र लाभार्थी शोधून देणाऱ्या एखाद्या प्रणालीच्या खरेदीवर टिपणी लिहायची आहे, त्याला अशा प्रशिक्षणाचा उपयोग नसतो. विक्रेत्याला काय विचारायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. ही गरज भागवणारे काही विनामूल्य उपलब्ध आहे का, या दृष्टीने फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे कृत्रिम बुद्धिमत्तेवरील (एआय) ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ आणि ‘एथिक्स ऑफ एआय’ हे दोन ऑनलाइन अभ्यासक्रम मी तपासले. परीक्षणाची कसोटी एकच ठेवली : अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर फाईलवरच्या टिपणीत कोणते नवे वाक्य येईल?

पहिला अभ्यासक्रम २०१८ मध्ये हेलसिंकी विद्यापीठ आणि रिअॅक्टर या फिनिश कंपनीने मिळून तयार केला. प्राध्यापक टीमू रूस हे त्याचे प्रमुख अध्यापक. फिनलंडच्या लोकसंख्येपैकी एक टक्का लोकांना कृत्रिम बुद्धिमत्तेची मूलतत्त्वे शिकवायची, असे उद्दिष्ट होते. २०१९ च्या उत्तरार्धात युरोपीय संघाच्या परिषदेचे अध्यक्षपद फिनलंडकडे आले, तेव्हा संघाच्या सर्व अधिकृत भाषांमध्ये तो उपलब्ध करून देण्याची घोषणा त्या सरकारने केली; आजवर जगभरातून दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यात नाव नोंदवले आहे. दुसरा, म्हणजे नीतीचा अभ्यासक्रम २०२० मध्ये आला. त्याच्या निर्मितीत हेलसिंकी, ॲमस्टरडॅम आणि लंडन या शहरांची प्रशासने तसेच फिनलंडचे अर्थ मंत्रालय सहभागी होते, त्यामुळे सरकारी माणसाच्या उपयोगाचा तोच असेल अशी अपेक्षा साहजिकच निर्माण होते. माझा निष्कर्ष मात्र उलटा आहे. धोरणासाठी बनवलेला अभ्यासक्रम धोरण कमी शिकवतो आणि सर्वसामान्य नागरिकासाठी बनवलेला अधिक शिकवतो.

‘एलिमेंट्स ऑफ एआय’मध्ये सहा प्रकरणे आहेत. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय, समस्या सोडवण्याची शोधपद्धती, संभाव्यता, मशीन लर्निंग (उदाहरणांवरून यंत्राने शिकणे), न्यूरल नेटवर्क (मेंदूतील पेशींच्या जाळ्याच्या धर्तीवरची गणिती रचना) आणि शेवटी सामाजिक परिणाम असा त्यांचा क्रम आहे. संगणकाचा प्रोग्राम एका ओळीचाही लिहावा लागत नाही. बेरीज, गुणाकार आणि भागाकार येत असेल तर पुरे. पहिली दोन प्रकरणे, यंत्र माणसासारखे वागते का हे तपासणाऱ्या ट्युरिंग चाचणीची चर्चा आणि होडीतून कोंबडी व कोल्हा पैलतीरी नेण्याचे कोडे धरून, रंजक आहेत, पण कार्यालयीन कामाच्या दृष्टीने ती चाळून पुढे गेले तरी चालेल. खरी किंमत तिसऱ्या प्रकरणात आहे.

तिसऱ्या प्रकरणात बेझचा नियम, म्हणजे नवी माहिती मिळाल्यावर एखाद्या गोष्टीची शक्यता कशी बदलते याचा हिशेब, शिकवताना स्तनाच्या कर्करोगाच्या चाचणीचे उदाहरण घेतले आहे. शंभरात पाच स्त्रियांना रोग आहे. रोग असलेल्या शंभरांपैकी ऐंशी जणींची चाचणी होकारार्थी येते, आणि रोग नसलेल्या शंभरांपैकी दहा जणींचीही चुकून होकारार्थी येते. आता चाचणी होकारार्थी आलेल्या स्त्रीला प्रत्यक्षात रोग असण्याची शक्यता किती? बहुतेकांच्या तोंडून पटकन ऐंशी टक्के असे उत्तर येते. खरे उत्तर तीस टक्क्यांच्याही किंचित खाली आहे.

हेच आकडे जसेच्या तसे एखाद्या अनुदान योजनेला लावून पाहावेत. एक हजार लाभार्थ्यांपैकी पन्नास अपात्र आहेत असे धरू. प्रणाली त्यांतले चाळीस पकडते, म्हणून विक्रेता सादरीकरणात ‘ऐंशी टक्के अचूकता’ असे मोठ्या अक्षरांत लिहितो. परंतु उरलेल्या साडेनऊशे पात्र लोकांपैकी पंच्याण्णव जणांच्या नावापुढेही लाल खूण येते. एकूण एकशे पस्तीस संशयितांपैकी पंच्याण्णव माणसे निर्दोष निघतात, म्हणजे प्रत्येक तिघांतले दोघे. आता त्या लाल खुणेवर पैसे आपोआप थांबवायचे की आधी मंडळ अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पडताळणी करायची, हा निर्णय धोरणाचा आहे, आणि तो घेणाऱ्याला हे गणित माहीत नसेल तर तो निर्णय विक्रेत्याने घेतल्यासारखाच होतो. हा हिशेब एकदा हाताने करून पाहिलेला अधिकारी ‘अचूकता किती’ एवढ्यावर थांबणार नाही. ‘पात्र व्यक्ती चुकून अपात्र ठरण्याचे प्रमाण किती, आणि ते कोणत्या लोकसंख्येवर मोजले’ असे तो लेखी विचारील. टिपणीतले पहिले नवे वाक्य येथे मिळाले. कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या कित्येक व्याख्यानांत वक्ते ‘क्रांती’ आणि ‘आव्हाने’ यांच्यापलीकडे जात नाहीत. त्यांच्या तुलनेत हा एक तासाचा गृहपाठ कितीतरी मोलाचा आहे.

चौथ्या प्रकरणातून दुसरे वाक्य मिळते. प्रणालीला ज्या माहितीवर शिकवले त्याच माहितीवर तिची परीक्षा घेतली तर गुण नेहमीच चांगले येतात, म्हणून परीक्षेसाठीची माहिती आधीपासून बाजूला ठेवली पाहिजे, एवढे साधे तत्त्व तेथे उदाहरणांसह मांडले आहे. आपल्याकडे ई-पीक पाहणीत २०२१ पासून शेतकरी स्वतः पिकाची छायाचित्रे मोबाइलवरून भरतो. उद्या कोणी ती छायाचित्रे पाहून पीक ओळखणारी प्रणाली विकायला आला, तर ती विदर्भातल्या कापसावर शिकवली आणि कोकणातल्या भातावर तपासली गेली की नाही, हा प्रश्न या प्रकरणातून आपोआप सुचतो. न्यूरल नेटवर्कचे पाचवे प्रकरण उत्तम लिहिलेले आहे, पण ते न वाचल्याने प्रशासनाचे काही अडणार नाही.

या अभ्यासक्रमात उणीवही आहे, आणि ती आपल्या दृष्टीने लहान नाही. उदाहरणांमध्ये भर आहे तो चुकून पकडल्या गेलेल्यावर. चुकून नाकारल्या गेलेल्याची बाजू फिकी राहते. महाराष्ट्रात हा प्रश्न दुसऱ्या टोकाने आला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले, आणि त्यानंतरच्या वर्षांत बोटांचे ठसे झिजलेले शेतमजूर व वृद्ध यांना यंत्राने न ओळखण्याची अडचण देशभर चर्चेत राहिली. तेथे प्रणाली कोणावर संशय घेत नाही, समोरचा माणूस तोच आहे हे तिला पटत नाही इतकेच. परिणाम मात्र उपाशी राहण्यापर्यंत जाऊ शकतो. एकाच यंत्राच्या या दोन प्रकारच्या चुकांपैकी कोणती सहन करायची आणि किती, यावर प्रशिक्षकाला स्वतःचा धडा तयार करावा लागेल.

दुसरी उणीव शीर्षकातच आहे. अभ्यासक्रम कृत्रिम बुद्धिमत्तेचा असल्यामुळे शिकणाऱ्याचा असा समज होऊ शकतो की धोका फक्त हुशार यंत्रापासून असतो. ऑस्ट्रेलियातील ‘रोबोडेट’ प्रकरण हा समज खोडून काढते, आणि शासकीय प्रशिक्षणात ते सक्तीचे असावे असे माझे मत आहे. त्या योजनेत न्यूरल नेटवर्क नव्हते की मशीन लर्निंग नव्हते. प्राप्तिकर खात्याकडचे वार्षिक उत्पन्न घ्यायचे, त्याला २६ पंधरवड्यांनी भागायचे आणि येणारी सरासरी त्या माणसाने दर पंधरवड्याला खरोखरच कमावली असे धरून त्याच्याकडून कल्याणकारी भत्त्याची वसुली काढायची, एवढाच तो भागाकार होता. वर्षातले काही महिने काम आणि काही महिने बेकारी असलेल्या माणसाच्या नावे त्यातून न घेतलेले कर्ज उभे राहिले, आणि ते चुकीचे असल्याचे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच टाकला गेला. अशा नोटिसा चार लाखांहून अधिक लोकांना गेल्या. २०२० मध्ये सरकारला पैसे परत करण्याची घोषणा करावी लागली आणि जुलै २०२३ मध्ये रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, आपला अहवाल दिला. मराठवाड्यातील ऊसतोड कामगाराचे हंगामी उत्पन्न बारा महिन्यांत सारखे वाटून पाहिले, तर हा भागाकार कोणाच्या जिवावर उठू शकतो हे समजायला ऑस्ट्रेलियापर्यंत जावे लागत नाही.

‘एथिक्स ऑफ एआय’कडे वळल्यावर सूर बदलतो. प्रकरणांची शीर्षकेच प्रश्नार्थक आहेत : आपण काय करावे, दोष कोणाला द्यावा, ही यंत्रणा कशी चालते हे आपल्याला कळायला हवे का, तिने हक्कांचा मान राखावा का, ती न्याय्य असावी का. मांडणी स्वच्छ आहे आणि भाषा पहिल्या अभ्यासक्रमाइतकीच सुबोध आहे. उत्तरदायित्व, पारदर्शकता, भेदभावाचा अभाव ही तत्त्वे एकमेकांच्या आड कशी येतात हे त्यात नेमके दाखवले आहे. तत्त्वज्ञानाची आवड असलेल्या वाचकाला ते भावेल. अडचण अशी की प्रश्न अचूक विचारून झाल्यावर अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी तेथेच थांबतो. अधिकाऱ्याला मात्र दुसऱ्या दिवशी निविदेच्या अटी, करारनामा, प्राधिकृत सहीचा अधिकार, अपिलाची पायरी आणि लेखापरीक्षणाचा आक्षेप यांना तोंड द्यायचे असते. ‘यंत्रणा न्याय्य असावी’ हे कोणालाही मान्यच असते. न्याय्यतेच्या कोणत्या मोजमापावर पैसे रोखून ठेवायचे ते करारात लिहावे लागते, आणि ते लिहायला येथे कोणी शिकवत नाही.

विशेष म्हणजे अभ्यासक्रमाच्या भागीदार शहरांनी प्रत्यक्षात केलेले काम अभ्यासक्रमापेक्षा अधिक शिकवणारे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये हेलसिंकी आणि ॲमस्टरडॅम या दोन्ही महापालिकांनी आपण वापरत असलेल्या अल्गोरिदमची, म्हणजे संगणकीय निर्णय-सूत्रांची, सार्वजनिक नोंदवही खुली केली. ॲमस्टरडॅमच्या नोंदवहीत वाहनतळाची तपासणी, नागरिकांच्या तक्रारींची वर्गवारी आणि घरे पर्यटकांना बेकायदा भाड्याने देण्याचा संशय ओळखणारी प्रणाली यांच्या नोंदी होत्या. प्रणाली कशासाठी आहे, कोणती माहिती घेते आणि माणसाची देखरेख कोठे आहे, हे कोणीही वाचू शकत होते. आपल्या एखाद्या महापालिकेने असे एक पान जरी प्रसिद्ध केले, तरी नगरसेवकांना आणि पत्रकारांना प्रश्न विचारायला काहीतरी हाती लागेल.

त्याच ॲमस्टरडॅमचा पुढचा अनुभव तर प्रशिक्षणवर्गात पूर्ण दिवस घालवावा असा आहे. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या प्रकरणात हजारो पालकांवर फसवणुकीचा खोटा ठपका आला होता, जोखीम ठरवणाऱ्या प्रणालीत राष्ट्रीयत्वाचा निकष वापरला गेला होता, आणि १५ जानेवारी २०२१ रोजी त्यापायी पंतप्रधान रुटे यांच्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला होता. हा धडा समोर ठेवून ॲमस्टरडॅमने निर्वाह भत्त्याच्या अर्जांची छाननी करणारी ‘स्मार्ट चेक’ नावाची प्रणाली बनवली. राष्ट्रीयत्व वगळले, निकष मोजके आणि समजण्याजोगे ठेवले, पूर्वग्रह मोजला, बाहेरच्या तज्ज्ञांचे मत घेतले आणि भत्ता घेणाऱ्या नागरिकांच्या सल्लागार मंडळापुढेही ती ठेवली. त्या मंडळाने तिला विरोधच केला. पहिल्या चाचणीत स्थलांतरितांवर अन्याय होतो असे दिसले, म्हणून माहितीचे भारांक, म्हणजे कोणत्या नोंदीला किती महत्त्व द्यायचे ते, बदलून तो दुरुस्त केला. २०२३ मध्ये प्रत्यक्ष अर्जांवर प्रयोग झाला, तेव्हा पूर्वग्रह उलटून डच नागरिक आणि स्त्रिया यांच्याकडे गेला होता, आणि कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या छाननीपेक्षा प्रणाली सरसही ठरली नाही. शहराने प्रकल्प बंद केला. नीतीचे सगळे नियम पाळूनही हाती अपयश येऊ शकते, आणि मोजमाप आधीच ठरलेले असेल तरच ते अपयश वेळेत दिसते, ही गोष्ट तत्त्वांच्या यादीतून कधीच शिकता येत नाही. प्रयोगानंतर प्रणाली बंद करण्याचा अधिकार कोणाचा आणि कोणत्या आकड्यावर, हे प्रस्तावातच लिहिलेले असावे. टिपणीतले तिसरे वाक्य मला अभ्यासक्रमातून मिळाले नाही, ते या प्रकरणातून मिळाले.

हक्क आणि पारदर्शकता यांवरील प्रकरणे युरोपीय चौकटीत उभी आहेत, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. ती ज्यांच्यासाठी लिहिली त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. महाराष्ट्रातील कर्मचाऱ्याला मात्र त्यांच्या जागी वेगळी तीन पाने जोडून द्यावी लागतील. पहिले पान माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(घ) चे : प्रशासकीय किंवा न्यायिकवत निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. ‘संगणकाने नाकारले’ हे कारण होऊ शकत नाही, हे सांगायला आपल्याला ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, कायद्याची गरज नाही; ते वीस वर्षांपासून आपल्याच कायद्यात आहे. दुसरे पान महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चे, कारण अर्ज फेटाळणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला कारणे लेखी कळवावी लागतात आणि त्याविरुद्ध अपिलाची सोय आहे. प्रणालीने परस्पर अर्ज बाद केला तर हा पदनिर्देशित अधिकारी नेमका कोण, हा प्रश्न ‘दोष कोणाला द्यावा’ या प्रकरणापेक्षा अधिक धारदार आहे. तिसरे पान वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचे, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्याच्या कलम ७ नुसार अनुदान, लाभ, सेवा, प्रमाणपत्र किंवा परवाना देण्यासाठी शासनाला ठरावीक परिस्थितीत नागरिकाच्या नव्याने घेतलेल्या संमतीवाचूनही माहिती वापरता येते, आणि कलम १७ मध्ये शासनाच्या अधिसूचित यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. संमतीवर केंद्रित झालेली युरोपीय चर्चा आपल्या तहसील कार्यालयाला म्हणूनच अर्धीच लागू पडते. संमती विचारायची नसेल तेव्हा कर्मचाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, वाढते.

दोन्ही अभ्यासक्रमांचा सांगाडा चॅटजीपीटीच्या आधीचा आहे, आणि ते जाणवते. आज कार्यालयात खरा प्रश्न एखाद्या मोठ्या प्रणालीपेक्षा खिशातल्या मोबाइलचा आहे : गोपनीय नस्तीतला मजकूर सारांश काढण्यासाठी चॅटबॉटमध्ये चिकटवावा का? केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन उपकरणांवर चॅटजीपीटी आणि डीपसीक यांसारखी साधने टाळण्याची सूचना आपल्या कर्मचाऱ्यांना दिली. सूचना सोपी आहे. तिच्यामागचे कारण, म्हणजे टाकलेला मजकूर कोणाच्या संगणकावर जातो आणि तेथे किती काळ राहतो, हे समजावणारे प्रशिक्षण सूचनेइतक्या लवकर पोहोचत नाही. हेलसिंकीच्या या दोन अभ्यासक्रमांवर ते काम सोपवता येणार नाही.

व्यवहाराच्या बाजूने पाहता, शुल्क नाही, वेळेचे बंधन नाही, आणि पहिल्या अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रासाठी नव्वद टक्के सराव सोडवून त्यांतले निम्मे बरोबर यावे लागतात. चित्रफिती जवळजवळ नसल्यामुळे मंद इंटरनेटवरही काम होते. काही प्रश्नांची उत्तरे इतर विद्यार्थी तपासतात, आणि त्यांच्या शेऱ्यांचा दर्जा फार कमीजास्त असतो. सर्वांत मोठा अडथळा भाषेचा आहे. आपल्याकडील माणसाला हे सारे इंग्रजीतून वाचावे लागते, आणि ग्रामपंचायतीपासून तालुक्यापर्यंतचे कामकाज मराठीतून करणाऱ्या कर्मचाऱ्याची त्यात दमछाक होईल, जरी त्यातले गणित त्याच्या हातचा मळ असले तरी. केंद्राच्या मिशन कर्मयोगी या प्रशिक्षण कार्यक्रमाला सप्टेंबर २०२० मध्ये मंजुरी मिळाल्यापासून त्याच्या आयगॉट या मंचावर ऑनलाइन प्रशिक्षणाची सवय सरकारी कर्मचाऱ्यांना होऊ लागली आहे. स्वतःच्या गतीने शिकण्याची ही पद्धत म्हणूनच आता कोणाला परकी वाटू नये.

संपूर्ण अभ्यासक्रम सर्वांवर लादू नये असे मी सुचवीन. खरेदी, अनुदान वाटप आणि तक्रार निवारण हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांना ‘एलिमेंट्स ऑफ एआय’चे तिसरे, चौथे आणि सहावे प्रकरण द्यावे, उदाहरणे मराठीतून आणि आपल्या योजनांचे आकडे घालून सोडवून घ्यावीत, आणि त्याला रोबोडेट व ॲमस्टरडॅम या दोन प्रकरणांची जोड द्यावी. ‘एथिक्स ऑफ एआय’ धोरणाचा मसुदा लिहिणाऱ्या मंत्रालयातील कक्षांसाठी आणि प्रशिक्षकांसाठी ठेवावा. इतरांना त्यातले पारदर्शकतेचे प्रकरण पुरेल. पाचापैकी गुण द्यायचे तर शासकीय उपयोगासाठी पहिल्याला चार आणि दुसऱ्याला अडीच, आणि दुसऱ्याचा अर्धा गुण केवळ त्यातील प्रश्नांच्या नेमकेपणासाठी.